पानाच्या गादीपाशी

गणपतीला महिनाभर उरला की आमच्या लालबागच्या चाळीच्या अंगणात तालीम सुरू व्हायची. पहिली पाळी करून आलेले गडी जेवून, तंबाखू मळत नऊच्या सुमाराला जमायचे. डफ, तुणतुणं, ढोलकी, टाळ. आप्पा, माझे वडील, शाहीर नव्हते, झीलकरी होते. शाहिराच्या मागे उभं राहायचं, एक हात कानावर ठेवायचा आणि शाहिराने ओळ सोडली की ती खाली पडायच्या आत 'जी जी रं जी' करून उचलून धरायची. झीलकऱ्याचं नाव कुणी लक्षात ठेवत नाही, पण झील ढिली पडली तर शाहिराला दम घ्यायला जागा उरत नाही आणि चौथ्या कडव्याला त्याचा गळा बसतो.

मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. तालीम रंगात आली की आप्पा मला हात करायचे. "जा गं, गादीपाशी हुबी ऱ्हा." गल्लीच्या तोंडाला पानाची गादी होती. अंगणापासून साठ-सत्तर पावलं. मध्ये नळावरची भांडी, हातगाड्या, कुणाच्या तरी खोलीतला रेडिओ आणि पलीकडे रस्त्यावरून जाणारी बेस्टची बस. मी तिथे उभं राहून ऐकायचं आणि शब्द कळला तर हात वर करायचा. नुसता आवाज आला तर हात खालीच.

"आवाज काय, भोंग्याचा बी पोचतो," आप्पा म्हणायचे. "शब्द पोचला पायजे."

ते गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे कापड विणायच्या मागांवर. तिथे शेकडो साचे एकदम खडखडत असतात आणि शेजारच्या माणसाशी बोलायचं तर ओठ वाचावे लागतात. आप्पांचं पाठांतर तिथेच चालायचं. साच्यापुढे उभं राहून पूर्ण आवाजात पोवाडा म्हटला तरी कुणाला ऐकू जात नसे. त्यामुळे गळा तापला, मोठा झाला, आणि त्याबरोबर एक सवय लागली. शब्दाचं पहिलं अक्षर ते ठोसा मारावा तसं उच्चारायचे. घरी आईला "मीठ दे" म्हणतानासुद्धा.

आप्पांचं गाव वाईकडचं. त्यामुळे शाहीर साबळे आमच्या घरात जवळजवळ नात्यातले होते, एकदाही प्रत्यक्ष ओळख नसताना. कृष्णराव साबळे, जन्म ३ सप्टेंबर १९२३, गाव पसरणी, तालुका वाई. "आपल्या पसरणीचा," असं आप्पा म्हणायचे तेव्हा त्यात 'आपल्या'वर जोर असायचा. साबळ्यांचं बालपण काही काळ अमळनेरला गेलं, साने गुरुजींचा सहवास मिळाला, बेचाळीसच्या चळवळीत गाणी म्हटली, मग मुंबई. हे सगळं आप्पांना तोंडपाठ होतं. त्यांच्या दृष्टीने तो माणूस म्हणजे गळ्याच्या जोरावर गाव सोडून मुंबईत उभा राहिलेला घाटावरचा गडी.

आणि तरीही साबळ्यांवरून आमच्या खोलीत वाद व्हायचे. आप्पा आणि माझा मामा. वादाचा विषय एकच: शाहीर रेकॉर्डवर गेला, नाटकात गेला, मग तो शाहीर राहिला का?

मामा म्हणायचा, राहिला की. आप्पा म्हणायचे, राहिला, पण कमी झाला. आप्पांचं म्हणणं असं की पोवाडा समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर चालतो. समोरचा डोळे मोठे करतो तसा शाहीर कडवं लांबवतो, समोरचा चुळबुळला तर मध्ये एखादी कोपरखळी घालून त्याला परत आणतो. जुन्या तबकडीवर एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं. "तीन मिंटात तर आमचा डफ बी तापत न्हाई," ते म्हणायचे. आणि हे अगदी खरं होतं. पावसाळ्यात डफाचं कातडं ओल धरतं, सैल पडतं, थाप मारली तर भिजल्या पुठ्ठ्यासारखं वाजतं. मग गॅलरीच्या कोपऱ्यात जुना पेपर पेटवून त्याच्या धगीवर डफ शेकायचा. गोल गोल फिरवत, मधूनमधून टिचकी मारून बघत. वर्तमानपत्राच्या जाळाचा तो वास आणि हळूहळू वर चढत जाणारी टिचकी, ह्या दोन गोष्टी माझ्यासाठी आजही गणपती जवळ आल्याची खूण आहेत. ह्या सगळ्याला सहज पाच-सात मिनिटं लागायची. तेवढ्यात रेकॉर्डच्या दोन्ही बाजू संपल्या असत्या.

मी मोठी होत गेले तशी मला आप्पांची बाजू अपुरी वाटायला लागली. त्याचं कारण साबळ्यांनी गायलेलं एक भारूड.

संत एकनाथांचा विंचू. सोळाव्या शतकातलं ते भारूड, कामक्रोधाचा विंचू चावला आणि सत्त्वगुणाचा उतारा लावला की कळ उतरते, असं त्यातलं रूपक. गावाकडे मी ते एकदा जत्रेत पाहिलं. सोंग घेतलेला माणूस अक्षरशः धुळीत लोळत होता, बायका हसून हसून डोळे पुसत होत्या आणि शेवटी उताऱ्यापाशी आल्यावर सगळे गप्प झाले. अर्धापाऊण तास चाललं होतं. साबळ्यांच्या रेकॉर्डमध्ये लोळायला जमीन नाही. धूळ नाही, सोंग नाही, बायका नाहीत. जे काही लोळणं, तडफडणं आहे ते सगळं गळ्यात आणावं लागलं आहे. 'अगगगग' करून जी कळ उठते ना, ती ऐकताना मला त्या धुळीतल्या माणसाचे पाय दिसतात. कापून टाकलेला वेळ त्यांनी आवाजाच्या घडीत दुमडून ठेवला आहे. हे मैदानात जमत नाही, कारण मैदानात त्याची गरजच नसते.

म्हणजे रेकॉर्डने त्यांच्याकडून काहीतरी घेतलं आणि त्याच्या बदल्यात काहीतरी मागितलंही. ते मागणं पुरं करायला दुसरी कला लागते. ती शिकलेली असावी लागते.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. 'जय जय महाराष्ट्र माझा' हे शाहीर साबळ्यांचं सगळ्यांत मोठं गाणं. महाराष्ट्राचा म्हणून जो खडा आवाज आपल्या कानात आहे तो ह्या गाण्यातला. पण ते लोकगीत नाही. शब्द राजा बढे यांचे, ते नागपूरकडचे, नाजूक भावगीतं लिहिणारे कवी. चाल श्रीनिवास खळे यांची, ज्यांच्या चाली गाताना भल्याभल्यांचा श्वास चुकतो. कवी सुशिक्षित मध्यमवर्गातला, संगीतकार भावगीतातला, वाद्यमेळ रीतसर लिहून बसवलेला. ह्यात 'लोक' कुठे आहे? ओळ कशी सुरू होते ते ऐका. तोच ठोसा, पहिल्या अक्षरावरचा. खळ्यांची चाल दुसऱ्या एखाद्या गोड गळ्याला दिली असती तर ती सुंदर झाली असती आणि रेडिओवर सकाळच्या गाण्यांत गेली असती. साबळ्यांनी ती मैदानात उभं राहून म्हटल्यासारखी म्हटली. बंद स्टुडिओत, मायक्रोफोनपुढे, समोर एकही माणूस नसताना.

मी हे आप्पांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजी त्यानं गादीपाशी कुणीतरी हुबं केलं आसंल. मनात."

नाटकाचं मात्र वेगळं होतं. नाटकाबद्दल आप्पांचा राग नव्हता, अप्रूप होतं, आणि थोडी भीतीसुद्धा. संगीत नाटक म्हटलं की त्यांना ऑर्गन, तबला, भरजरी शेला आणि न समजणाऱ्या ताना आठवायच्या. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी शाकुंतल आणलं तेव्हापासून मराठी रंगभूमी गाण्यावर वाढली, पण त्या गाण्यात डफाला जागा नव्हती. डफ, ढोलकी, तुणतुणं तमाशाच्या फडात, कनातीत, पिला हाउसला, लालबागच्या हनुमान थिएटरात. नाटक बघणाऱ्या घरातली माणसं तिकडे फिरकत नसत आणि फिरकली तर घरी सांगत नसत. तमाशात गण, गवळण, बतावणी, लावणी, मग वग. तो वग म्हणजे गाण्यातून, हजरजबाबातून उलगडणारं अख्खं नाटकच. पण त्याला नाटक म्हणायची पद्धत नव्हती. अण्णाभाऊ साठे आणि अमर शेखांच्या लाल बावटा कलापथकाने त्याला कामगारांपुढे लोकनाट्य म्हणून उभं केलं, गणाच्या जागी कष्टकऱ्यांना वंदन घातलं. आप्पांनी अमर शेखांना ऐकलं होतं. त्याबद्दल विचारलं की ते फक्त छातीवर हात ठेवायचे आणि मान हलवायचे. शब्द नसायचे.

साबळ्यांनी १९६० साली 'यमराज्यात एक रात्र' केलं आणि त्याला मुक्तनाट्य म्हटलं. पुढे 'आंधळं दळतंय', मुंबईतल्या मराठी माणसाच्या पोटापाण्याच्या प्रश्नावरचं. १९६६ साली शिवसेना निघाली, त्या काळाची गोष्ट सांगताना ह्या मुक्तनाट्याचं नाव आजही घेतलं जातं. मुक्तनाट्यात वगाचा ऐसपैसपणा होता, शाहिराची टोचणी होती, गाणी होती, आणि हे सगळं पडदा असलेल्या नाट्यगृहात, तिकीट काढून आलेल्या माणसांपुढे. मोबाइल थिएटरही त्यांनी काढलं, म्हणजे रंगमंचच गावोगाव न्यायचा. डफाला नाट्यगृहाच्या दारातून आत आणणारी जी दोन-चार माणसं होऊन गेली त्यांत साबळ्यांचं नाव घ्यावंच लागतं. मला ह्या कामाचं मोल त्यांच्या गाण्यापेक्षाही जास्त वाटतं, आणि त्याबद्दल लिहिलं गेलंय मात्र कमी.

आप्पा मला पहिल्यांदा दामोदर हॉलला घेऊन गेले ते असंच एक लोकनाट्य बघायला. परळचं दामोदर नाट्यगृह १९२२ सालचं, गिरणगावातल्या कामगारांचं. तिथे नाटकं व्हायची, कोकणातल्या चाकरमान्यांचे नमन-खेळे व्हायचे, शक्ती-तुरा व्हायचा, दशावतार व्हायचा. आम्ही बाल्कनीत अगदी मागे बसलो. आप्पा नाटक बघत नव्हते. डोळे मिटून बसले होते. मध्यंतरात मी विचारलं, झोप आली का? "न्हाई. शेवटच्या रांगेत शब्द येतोय का ते बघतोय." येत होता. बाहेर पडताना ते मला म्हणाले की नाट्यगृहात एक सोय असते, भिंती असतात. भिंत शब्द परत देते. मैदान देत नाही. त्यामुळे आत गाणाऱ्याने आवाज आवरला पाहिजे, नाहीतर त्याच्याच दोन ओळी एकमेकींवर आदळतात. अक्षरओळख जेमतेम असलेला माणूस हे सांगत होता, आणि मी पुढे जे थोडंफार संगीत शिकले त्यात ह्यापेक्षा नेमकं मला कुणी सांगितलं नाही.

ते दामोदर २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं. मी त्या रस्त्याने आता शक्यतो जात नाही.

पॉपबद्दल लिहायचं तर एका रविवारबद्दल लिहावं लागेल. खोलीत रेडिओ चालू होता, आप्पा खाली बसून ढोलकीच्या वाद्या आवळत होते. 'ही चाल तुरुतुरु' लागलं. त्या वेळी ते सगळीकडे वाजत होतं, गॅदरिंगला, लग्नात, सहलीच्या बसमध्ये. शांता शेळक्यांचे शब्द, जयवंत कुलकर्ण्यांचा आवाज, आणि ती गिटारवर ठुमकत जाणारी चाल. आमच्या पिढीला मराठीत 'पॉप' म्हणता येईल असं मिळालेलं हे अगदी पहिल्या गाण्यांपैकी. मामा म्हणाला, "आप्पा, चाल कुणाची ठाऊक आहे? देवदत्त साबळे. शाहिरांचा मुलगा."

आप्पांचे हात थांबले. मला वाटलं आता काहीतरी कडू बोलणार. त्यांनी ढोलकी मांडीवर घेतली, अजून वादी पुरती आवळलेली नव्हती, आणि गाण्याबरोबर बोटांनी नुसतं धरून बघितलं. दोन ओळींत त्यांना जागा सापडली. गिटारच्या खाली जो ठेका चालला होता तो त्यांच्या बोटांना नवा नव्हता. गाणं संपल्यावर म्हणाले, "पोरगं चालायला बापाकडंच शिकलंय. कपडे निराळे हाईत." आणि पुन्हा वाद्या आवळायला लागले.

मी त्यांचं हे बोलणं मनाशी धरूनच पुढची सगळी गाणी ऐकली. ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि आनंद शिंदे यांचा नवीन पोपट घराघरांत गेला. त्यांचे वडील प्रल्हाद शिंदे, ज्यांच्या भक्तिगीतांशिवाय आजही पंढरीची वारी आणि चाळीतली पूजा होत नाही. नातू आदर्श शिंदे आज सिनेमात गातो. तिघांच्याही आवाजात मुळाशी एकच ओरखडा आहे. त्या कॅसेटगाण्यांना नाकं मुरडणारे माझ्या ओळखीत खूप होते. मला कधीच नाक मुरडता आलं नाही. वेसाव्याच्या कोळ्यांनी आपली गाणी कॅसेटवर आणली तेव्हा आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात तीन वर्गांनी तीच गाणी घेतली होती आणि तिन्ही वर्गांत एकही कोळी मूल नव्हतं. आणि सुलोचना चव्हाण! गिरगावातल्या, दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन, जागच्या जागी उभं राहून लावणी म्हणणाऱ्या. फडात न नाचता त्यांनी लावणी घरातल्या बायकांच्या ओठांवर आणली. माझी आई पोळ्या लाटताना जी लावणी गुणगुणायची ती त्यांची. रेकॉर्ड नसती तर आईच्या वाट्याला लावणी कधी आली असती?

साबळ्यांच्या 'महाराष्ट्राची लोकधारा'बद्दल मात्र माझं मन दोन्ही बाजूंना जातं. वासुदेव, गोंधळी, वाघ्या-मुरळी, कोळी, धनगर, सगळे एकाच रंगमंचावर, एकामागून एक. रात्रभर चालणारं जागरण तिथे काही मिनिटांत आटपतं. दिवट्या असतात, पण घर नसतं, नवस नसतो, कुलदैवत नसतं. हे खुपतं. पण मी आमच्या चाळीत पहाटे वासुदेव आलेला पाहिला आहे, मोरपिसांच्या टोपीला हात लावण्यासाठी जिन्यात धावले आहे. माझ्या मुलाने तो पाहिला तो लोकधारेसारख्या कार्यक्रमातच. त्याला तो वासुदेव खोटा वाटला नाही. आणि ह्याच लोकधारेत भरत जाधव, अंकुश चौधरी, केदार शिंदे ही मुलं नाचली, घडली, आणि मराठी रंगभूमीवर, सिनेमात गेली. कुठल्याही नाट्यशाळेने एवढी माणसं दिली असती तर आपण तिच्यावर ग्रंथ लिहिले असते.

१८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही, लिहायला बसले तर हा लेख दुसराच होईल. आमच्या कलापथकापुरतं सांगायचं तर पहिल्या वर्षी तालमी वाढल्या, कारण वेळच वेळ होता. दुसऱ्या वर्षी ढोलकीवाला गावी गेला. तिसऱ्या वर्षी शाहीर गेला. आप्पा राहिले, आणि झीलकऱ्याला एकट्याने गाता येत नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी, माझं लग्न होऊन मी डोंबिवलीला गेल्यावर, जुन्या चौघांना एका लोककला महोत्सवाचं बोलावणं आलं. आप्पांनी फेटा काढून इस्त्री केली. मी गेले होते. रंगमंचामागे एक तरुण आयोजक आला आणि अदबीनेच म्हणाला, "काका, सहा मिनिटं आहेत. ट्रॅक आमच्याकडे तयार आहे. तुम्ही फक्त माइकसमोर तोंड हलवायचं." आप्पांना आधी कळलंच नाही. कळल्यावर त्यांनी एकच विचारलं, "मग झील कुणी धरायची?" तो म्हणाला, ती पण आहे ट्रॅकमध्ये. चौघांत दोघांना पैशांची गरज होती. आप्पा उभे राहिले, कानावर हात ठेवला आणि सहा मिनिटं तोंड हलवलं. टाळ्या पडल्या. घरी येऊन त्यांनी डफ खुंटीला अडकवला आणि त्यानंतर कधी खाली काढला नाही.

त्या दिवसापासून मी रेकॉर्ड, नाटक, कॅसेट आणि तो ट्रॅक यांना एका माळेत घालू शकत नाही. जे लोक सरसकट म्हणतात की माइक आला, पॉप आलं आणि लोकसंगीत बुडालं, त्यांच्याशी माझं जमत नाही. साबळे माइकपुढे उभे राहिले तेव्हाही ते कुणाला तरी सांगत होते. आप्पा त्या सहा मिनिटांत कुणालाच काही सांगत नव्हते.

त्यानंतर त्यांना मी आग्रह करून एकाच ठिकाणी नेलं, विठ्ठल उमपांच्या जांभूळ आख्यानाला. उमप नायगावचे, १९३१चा जन्म, आंबेडकरी जलशांमधून आलेले, बाबासाहेबांची गाणी गात वाढलेले. कव्वाली म्हणाल तर कव्वाली, कोळीगीत म्हणाल तर कोळीगीत, रेडिओ, रेकॉर्ड, सिनेमा, कुठे नव्हते? आणि त्या वयात हा एक माणूस रंगमंचावर येऊन उपरण्याचा पदर करतो आणि द्रौपदी होतो. पाच नवऱ्यांची बायको, तिचं मन कर्णावर गेलेलं, आणि कृष्ण जांभळाच्या निमित्ताने ते मनातलं तिच्याच तोंडून बाहेर काढतो. द्रौपदीने कबुली दिली त्या जागी उमपांनी आवाज अगदी खाली घेतला. इतका खाली की पुटपुटणंच. मी बाराव्या-तेराव्या रांगेत होते आणि मला प्रत्येक अक्षर ऐकू आलं. मी आप्पांकडे बघितलं. त्यांचा उजवा हात मांडीवरून वर उचलला गेला होता, खांद्यापर्यंत, आणि तसाच राहिला होता. आपण हात वर केलाय हे त्यांना कळलं असेल असं मला वाटत नाही.

उमप २६ नोव्हेंबर २०१०ला नागपूरला मंचावरच गेले. साबळे २० मार्च २०१५ला, मुंबईत, एक्क्याण्णव वर्षांचे होऊन. आप्पा ह्या दोघांच्या मधल्या एका वर्षी.

मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होते. २०२३च्या फेब्रुवारीत 'जय जय महाराष्ट्र माझा' राज्यगीत झालं, दोन कडव्यांचं, आणि शाळांमध्ये म्हटलं जायला लागलं. साबळ्यांच्या जन्मशताब्दीचंच ते वर्ष. त्याच वर्षी त्यांच्यावरचा सिनेमा आला, नातवाने, केदार शिंदेने, काढलेला, आणि शाहिराच्या भूमिकेत लोकधारेतला अंकुश चौधरी. माझ्या सातवीच्या मुली त्यातल्या गाण्यावर अर्ध्या मिनिटाचे व्हिडिओ करत होत्या आणि शाहीर कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी त्यांना रागावले नाही. त्यांना मी विंचू ऐकवला. आधी हसल्या, मग एकीने विचारलं, "बाई, हे काका खरंच ओरडतायत का?" तो प्रश्न मला फार आवडला.

राज्यगीत मात्र शाळेत स्पीकरवर लागायचं आणि मुलं त्याच्याबरोबर ओठ हलवायची. माझ्या डोळ्यांसमोर आप्पांचा फेटा यायचा. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं, कुणाला विचारायच्या भानगडीत मी पडले नाही. एका शनिवारी स्पीकर बंद ठेवला, वर्ग मैदानात आणला, पेटीवर सूर दिला. पट्टी त्यांच्या गळ्याला बसेल एवढी खाली घेतली. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला पाण्याच्या टाकीपाशी नळ आहेत. पाचवीतला एक मुलगा होता, घरी तेलुगू बोलणारा, मराठी शाळेतच शिकलेला. त्याला म्हटलं, जा, नळापाशी उभा राहा. शब्द कळला तर हात वर कर. नुसता आवाज आला तर करू नकोस.

मुलांनी सुरू केलं. पहिल्या ओळीला सगळे घाबरून ओरडले. तो नळापाशी नुसता उभा. मी हाताने थांबवलं, सांगितलं, ओरडू नका, पहिलं अक्षर नीट टाका, त्याच्याशी बोलताय असं म्हणा. पुन्हा सुरू केलं. ध्रुवपदाला त्याचा हात वर आला. मुलांनी तो पाहिला आणि चाळीस पोरांच्या अंगात एकदम काहीतरी शिरलं, पाठी ताठ झाल्या, मागच्या रांगेतल्या एका पोराने, कुणी न सांगता, कानावर हात ठेवला.

पहिल्या कडव्यात नद्यांची नावं येतात. तिथे ते अडखळले, अक्षरं एकमेकांत गेली. नळापाशी हात खाली आला.

पुन्हा पहिल्यापासून घेतलं.